मेस्तिसा : 'संकर' नको, मग काय?

मेक्सिकन-अमेरिकन लेखिका ग्लोरिया आन्साल्दुआवर लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत 'मेस्तिसा'पाशी अडले. स्पॅनिशमध्ये अर्थ सरळ आहे : मिश्र वंशाची स्त्री, बहुतेकदा युरोपीय आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी यांच्या रक्ताची. मराठीत चटकन सुचतो 'संकर'. पण संकरित म्हटलं की ज्वारीचं बियाणं किंवा जर्सी गाय आठवते, आणि 'वर्णसंकर' म्हटलं की गीतेतली अर्जुनाची भीती. ज्या शब्दात आधीच शिक्षा आहे, तो तिला कसा लावायचा?

'मिश्र' जवळचा वाटतो. मेस्तिसाच्या मुळाशी लॅटिनमधला मिसळण्याचा धातू आहे आणि आपलं मिश्र, मिसळणं त्याच भारोपीय कुळातलं. याचं पोर्तुगीज रूप गोव्यातही वावरत होतं. तरी 'मिश्रवंशी' जनगणनेच्या रकान्यासारखा कोरडा लागतो.

आन्साल्दुआ १९४२ साली दक्षिण टेक्सासात जन्मली. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८च्या तहानंतर तिच्या पूर्वजांसारखी माणसं जागेवरच राहिली, सीमा त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना पकडली गेली, तर बोटांच्या पेरांवर पट्टीचे तीन फटके. पुढे तिनेच स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांना शिकवलं. तिच्या १९८७च्या 'बॉर्डरलँड्स' या पुस्तकात गद्य, कविता, इंग्रजी, स्पॅनिश सगळं एकात एक येतं, आणि सगळ्याचा अर्थ ती लावून देत नाही. म्हणून मला वाटतं, 'मेस्तिसा' तसाच ठेवावा. शीर्षकातल्या 'बॉर्डरलँड्स'ला मात्र 'सीमाप्रदेश' नको, 'शीव' हवा. सीमेवर चौकी असते, शिवेवर माणसांची शेतं असतात.

दुःखासाठी तिने मेक्सिकोतल्या जुन्या अस्तेक लोकांची कोयोलशाउकी घेतली. भावाने तुकडे केलेली ही चंद्रदेवता १९७८ साली मेक्सिको सिटीत वीजकामगारांना खोदताना सापडली : गोल शिळेवर तोडलेले हात, पाय, शिर. ते तुकडे पुन्हा सांधायचे, पण पूर्वीसारखे नाही, हेच तिच्या दृष्टीने लेखन. इथे 'जोडणं' उणं पडतं. मोडलेलं हाड 'सांधतं', म्हणून मी 'सांधणं' घेतलंय.

राहिला तिचा 'नेपांतला', अस्तेकांच्या नावात्ल भाषेतली मधली जागा. 'उंबरठा' लिहून खोडलं. उंबरठा ओलांडायचा असतो; ती तिथेच राहत होती. राहता येईल अशा मधल्या जागेला तुमच्याकडे काय म्हणतात?