एकाच टीव्हीवर दोघांनी मिळून खेळण्याची सोय नव्या गेममधून का नाहीशी होत आहे?

त्रिमूर्तीनगर

नमस्कार. नवतपा लागला की नागपुरात सकाळी दहानंतर मुलांना घराबाहेर सोडण्याची सोय उरत नाही आणि नेमकी त्याच सुमारास यवतमाळ-अमरावतीची भाचेमंडळी सुट्टीसाठी आमच्याकडे आलेली असतात. कूलर लावलेली एक खोली, एक टीव्ही, एक कन्सोल आणि दोन कंट्रोलर एवढ्या सामग्रीवर मुलांना दोघा-दोघांच्या जोडीने आळीपाळीने खेळता यावे, इतकीच माझी अपेक्षा आहे. परंतु यंदा नवे गेम पाहू लागलो तेव्हा आढळले की एकत्र खेळण्याचे म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या गेमना दोन कन्सोल, दोन खाती, गेमच्या दोन प्रती आणि अखंड इंटरनेट लागते. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन भावंडांनी यासाठी दोन वेगळी यंत्रे का घ्यावीत, हे मला उमगत नाही.

माझे लहानपण महालातल्या मामाच्या वाड्यात टीव्हीला जोडलेल्या साध्या यंत्रावर ‘कॉन्ट्रा’ खेळण्यात गेले. त्या खेळात दोघेही एकाच पडद्यावर असत. धबधब्याच्या टप्प्यात एकाने घाई करून वर उडी मारली की पडदा वर सरके आणि खाली राहिलेल्याचा जीव जाई. त्यामुळे जोडीदाराला हाक मारूनच पुढे जावे लागे. एकाचे सगळे जीव संपले तर तो दुसऱ्याच्या शिल्लक जीवांतून घेऊन पुन्हा खेळात येत असे आणि ते जीव मोठ्या भावाने द्यावेत की नाही यावर वाड्यात अक्षरशः पंचायत बसत असे. हा सगळा व्यवहार खेळाच्या रचनेतूनच निर्माण झालेला होता. आजच्या खेळांत चित्रे कितीतरी सुंदर झाली आहेत, मात्र असा व्यवहार मला क्वचितच दिसतो.

ही सोय काढण्यामागे खरोखर तांत्रिक अडचण आहे की दोन प्रती खपाव्यात एवढाच हेतू आहे, हे जाणकारांनी सांगावे. त्याचबरोबर, जुन्या खेळांतील कोणती गोष्ट आपल्याला आज हवीशी वाटते आणि का, हेही लिहावे.

मिहानचा अभियंता

दोन्ही कारणे खरी आहेत, पण तांत्रिक कारण अनेकांना वाटते त्याहून मोठे आहे. ‘कॉन्ट्रा’मध्ये पडदा एकच आणि दृश्यही एकच असते, दुसरा खेळाडू आला तरी यंत्राला आणखी एक आकृती हलवण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. पडदा दुभंगला, म्हणजे प्रत्येकाला पडद्याचा अर्धा भाग आणि स्वतंत्र दृश्य मिळाले, की गणित बदलते. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची असतील तर एका चित्रासाठी साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्याच वेळात आता दोन वेगळ्या कोनांतून दोन दृश्ये रेखाटावी लागतात. प्रत्येक अर्ध्या भागातील ठिपके निम्मे झाले तरी कोणत्या वस्तू दिसतात हे ठरवणे, त्या रेखाटण्याच्या आज्ञा देणे आणि पुष्कळदा सावल्यांचा हिशेब करणे ही कामे जवळजवळ दुप्पट होतात.

त्याहून कठीण प्रश्न मेमरीचा आहे. मोकळ्या जगाच्या गेममध्ये संपूर्ण नकाशा कधीच मेमरीत नसतो. खेळाडू जिथे उभा आहे त्याच्या आसपासचा भाग डिस्कवरून सतत आत घेतला जातो आणि मागे पडलेला भाग टाकून दिला जातो. एक खेळाडू नकाशाच्या एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला गेला, तर दोन्ही परिसर एकाच वेळी सांभाळावे लागतात. ‘बाल्डर्स गेट 3’ हे याचे ठळक उदाहरण आहे. 2023 मध्ये हा गेम एक्सबॉक्सवर आला तेव्हा 16 जीबी मेमरीच्या सिरीज एक्स या कन्सोलवर दुभंगलेल्या पडद्याची सोय होती, पण 10 जीबीच्या सिरीज एसवर ती वगळावी लागली. पुढे 2025 मधल्या आठव्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणेत, ती तिथेही देण्यात आली. याचा अर्थ काम अवघड होते, पण अशक्य नव्हते. कोणीतरी त्यासाठी वेळ आणि पैसा द्यायला तयार असणे आवश्यक होते.

सगळीकडे तशी तयारी दिसत नाही. ‘हेलो’ ही मालिका तर मित्रांना एका सोफ्यावर बसवूनच मोठी झाली. तरीही 2015 च्या ‘हेलो 5’मधून दुभंगलेला पडदा काढण्यात आला. त्यावर चाहत्यांची नाराजी इतकी तीव्र होती की पुढील खेळांत तो परत आणण्याचे आश्वासन दिले गेले, पण ‘हेलो इन्फिनिट’च्या कथाभागासाठीची ही सोय 2022 मध्ये रद्दच झाली. याउलट ‘स्टारड्यू व्हॅली’ हा मुख्यतः एकाच माणसाने घडवलेला गेम आहे आणि त्यात 2020 अखेरीस एका पडद्यावर मिळून शेती करण्याची सोय आली, तीही मोफत. एका माणसाला जे महत्त्वाचे वाटले ते मोठ्या कंपन्यांच्या यादीत खाली ढकलले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या मुलांसाठी ‘इट टेक्स टू’ पाहावा. 2021 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान त्याला मिळाला. तो एकट्याने खेळताच येत नाही. एकाला खिळे मिळतात, दुसऱ्याला हातोडा, आणि दोघांनी बोलल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. मात्र त्याची कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या आईवडिलांची आहे आणि त्यातला एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग लहान मुलांना रडवणारा आहे, तेव्हा आधी तो मोठ्यांनी पाहून घ्यावा.

नंदनवनचा जुना कॅफेवाला

अभियंता भाऊंनी एका पडद्याचे सांगितले, मी एका खोलीचे सांगतो. मी नंदनवन भागात काही वर्षे नेट कॅफे चालवला आणि माझा अनुभव असा आहे की खेळायला येणाऱ्या पोरांना इंटरनेट फारसे लागतच नव्हते. भिंतीवर संगणक एकमेकांना जोडणारा एक स्विच, त्यातून प्रत्येक संगणकाला गेलेली निळी केबल आणि सगळ्या यंत्रांवर ‘काउंटर-स्ट्राइक 1.6’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’, एवढ्यावर दुपार जात असे. बाहेर रस्ता खोदताना कोणी टेलिफोनची तार तोडली, तरी आत खेळ चालूच राहत असे, कारण खेळाचा सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा संगणक, खोलीतच असे. गोळी झाडली आणि ती लागली यांच्यातला वेळ तर जाणवतही नसे. आज हीच मुले एकमेकांना खेटून बसली तरी त्यांचा खेळ मुंबई किंवा चेन्नईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो, आणि मध्ये कुठे बिघाड झाला की सगळेच बाहेर फेकले जातात.

पहिला ‘स्टारक्राफ्ट’ 1998 मध्ये आला तेव्हा विकत घेतलेल्या सीडीवरून मित्राच्या संगणकावर फक्त एकत्र खेळण्यापुरती प्रत टाकण्याची अधिकृत मुभा होती. त्याच मालिकेतला ‘स्टारक्राफ्ट 2’ 2010 मध्ये आला तो लॅनची, म्हणजे एका खोलीतले संगणक थेट जोडून खेळण्याची, सोय पूर्णपणे वगळून. बारा वर्षांत एवढा फरक पडला. चोरीच्या प्रतींना आळा घालावा लागतो हे मला मान्य आहे, पण त्यासाठी प्रामाणिक गिऱ्हाइकाची सोय काढून घेणे मला न्याय्य वाटत नाही.

मला याहून जास्त टोचणारी गोष्ट पुढची आहे. सर्व्हर कंपनीकडे असला की गेमचे आयुष्यही तिच्याच हाती जाते. ‘द क्रू’ हा 2014 चा मोटारशर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद होताच कोणालाही खेळता येईनासा झाला. पैसे मोजून घेतलेल्यांना आणि एकटेच गाडी चालवणाऱ्यांनाही. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. कंपनीने गेमची सेवा थांबवताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा, ही तिची मागणी आहे आणि युरोपीय नागरिकांच्या त्यासंबंधीच्या अर्जावर 2025 च्या जुलैपर्यंत 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या. ‘द क्रू 2’ला नंतर ऑफलाइन सोय मिळाली, म्हणजे मागितले तर मिळते. आपल्याकडच्या खेळाडूंनीही ही मागणी आपली मानावी, असे मी कळकळीने सांगतो. सीताबर्डीवरून विकत आणलेला क्रिकेटचा चेंडू दुकान बंद पडले म्हणून फुटत नाही.

रात्रपाळीची परिचारिका

माझी गरज आपणा सर्वांपेक्षा वेगळी आहे. मी एकटीच खेळते, तेही रुग्णालयातील पाळी, घर आणि मुलीचा अभ्यास यांतून उरलेल्या वेळात. मला हवे आहे ते असे, की गेम कोणत्याही क्षणी थांबवता यावा, कोणत्याही क्षणी जतन करता यावा आणि मध्ये पुष्कळ दिवस गेल्यानंतर उघडला तर मागे काय घडले होते ते त्याने मला सांगावे. पूर्वी संगणकावरच्या पुष्कळ गेममध्ये एक कळ दाबली की त्या जागी खेळ जतन होत असे. आता अनेक गेम ठरावीक टप्प्यावरच जतन करतात. उन्हाळ्यात भार वाढून वीज गेली की टप्प्याच्या अलीकडचे सगळे पुन्हा खेळावे लागते. ‘एल्डन रिंग’सारख्या नावाजलेल्या गेममध्ये तर एकट्याने खेळतानाही थेट पॉजची कळ नाही. तो खेळ कठीण असावा याला माझी हरकत नाही. दारावर कुरिअरवाला आला असताना तो थांबू नये, यात मात्र मला कोणताही कलात्मक लाभ दिसत नाही.

मागील कथेची आठवण करून देण्याची युक्ती नवी नाही. 2015 च्या ‘द विचर 3’मध्ये जतन केलेला खेळ उघडताना लोडिंगच्या वेळी एक निवेदक आतापर्यंतची हकिगत सांगतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’ही खेळ उघडताच कथेचा सारांश दाखवतो. यामुळे वाट पाहण्याचा वेळही कारणी लागतो. शंभर तासांची कथा लिहिणाऱ्यांनी पाच ओळींचा गोषवारा द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका गेम अर्धवट सोडतात, त्याचे कारण कंटाळा नसून धागा सुटणे हे असते.

त्रिमूर्तीनगर दादांनी पडदा दुभंगणारा गेम घेताना अक्षरांचा आकारही तपासावा, कारण निम्म्या पडद्यावर लिखाण फार बारीक होते आणि मुले टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतात.

सदरचा मामा

परिचारिका ताईंनी अक्षरांचा मुद्दा काढला म्हणून थोडे लिहितो. माझ्या भाचीच्या उजव्या हातात जोर कमी आहे. तिच्यासाठी एक्सबॉक्सवरची कोपायलट नावाची सोय मोलाची ठरली. तिच्यात दोन कंट्रोलर मिळून एकच पात्र चालवतात. भाची डाव्या हाताने दिशा देते आणि मी शेजारी बसून उडीची कळ दाबतो. कधी मारायची हे ती ओरडून सांगते. उशीर झाला तर मलाच ऐकून घ्यावे लागते. एका पडद्यावर दोघांनी खेळण्यासाठी बनवलेले नसलेले गेमही यामुळे आम्हा दोघांचे होतात. ही सोय कन्सोलनेच दिलेली असल्यामुळे गेम बनवणाऱ्यांना वेगळे काही करावे लागत नाही.

गेम बनवणाऱ्यांनी मनावर घेतले तर काय होते ते 2020 च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’मध्ये दिसले. दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांच्या अडचणी लक्षात घेऊन त्यात 60 हून अधिक सुविधा दिल्या होत्या. अशा सुविधा मला सर्वच गेममध्ये हव्या आहेत आणि त्या पहिल्यांदा गेम सुरू करतानाच समोर याव्यात, मेनूच्या चौथ्या पानावर शोधाव्या लागू नयेत.

त्रिमूर्तीनगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘स्टारड्यू व्हॅली’ घेण्याचे ठरवले आहे. ‘इट टेक्स टू’ मी आणि पत्नी आधी पाहू आणि मगच मुलांपुढे आणू. कोपायलटची माहिती मला नव्हती. आमच्याकडे सर्वांत धाकटा भाचा पाच वर्षांचा आहे, त्याला मोठ्या बहिणीसोबत तसे बसवता येईल.

कॅफेवाल्या काकांना एक विचारायचे आहे. घरी दोन जुने लॅपटॉप पडून आहेत आणि मोठ्या मुलांना ‘माइनक्राफ्ट’ खेळायचे आहे. आपल्या त्या निळ्या केबलच्या पद्धतीने ते जोडता येतील का?

नंदनवनचा जुना कॅफेवाला

नक्की जोडता येतील, आणि स्विच विकत घेण्याचीही गरज नाही. घरच्या वायफाय राउटरच्या मागे मोकळी छिद्रे असतात, त्यांत दोन्ही लॅपटॉपच्या केबल लावा. ‘माइनक्राफ्ट’ची जावा नावाची संगणकावरची आवृत्ती घ्या आणि दोन्हीकडे तिचा क्रमांक तंतोतंत सारखा ठेवा. पोरांची निम्मी भांडणे तिथेच मिटतात. एकाने आपले जग उघडून मेनूमधून ते लॅनसाठी खुले केले की दुसऱ्याच्या यादीत ते आपोआप दिसते. दिसले नाही, तर पहिल्या लॅपटॉपच्या फायरवॉलने, म्हणजे बाहेरची जोडणी रोखणाऱ्या सुरक्षेने, अडवले आहे असे समजून तिथे परवानगी द्या. प्रत्येकाचे खाते मात्र वेगळे लागेल. जग ज्याच्या लॅपटॉपवर आहे तो उठून गेला की खेळ सर्वांसाठी बंद होतो, म्हणून त्याला पंख्याजवळची जागा द्या आणि लॅपटॉप गादीवर ठेवू देऊ नका. या उन्हात तो तापून बंद पडेल.