मावशींचा ‘आत्मविश्वास’ मोजून काय हाती लागतं? (टोपणनावांनी तिघांचा वाद)

आकडेमोड: पॅलिएटिव्ह वॉर्डातल्या (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या वॉर्डातल्या) मावशी-वॉर्डबॉयना प्रशिक्षण द्यायचं, आधी आणि नंतर १ ते ५ गुणांची प्रश्नावली भरून घ्यायची, सरासरी वाढली की झालं. ‘मी अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाची काळजी घेऊ शकते’ याला इन्चार्ज सिस्टरांसमोर ‘नाही’ कोण म्हणेल? पहिल्याच दिवशी सगळ्या ४-५ वर. पुढे वाढायला जागाच उरत नाही.

रात्रपाळी: दोष प्रश्नाचा आहे, मोजण्याचा नाही. आत्मविश्वास कसा मोजावा हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुराने २००६ मध्ये सांगून ठेवलंय: ठरावीक काम विचारा, ० ते १०० पट्टी दहा-दहाने द्या, ‘आज जमेल का’ एवढंच विचारा, आणि सोप्यापासून अवघडापर्यंत सगळ्या पायऱ्यांची कामं घ्या. कूस बदलणं खालच्या पायरीवर. ‘अजून किती दिवस?’ असं मुलाने विचारल्यावर त्याच्यापाशी थांबणं सगळ्यात वर. खात्री नसलेली मावशी पेशंटचा कळवळलेला चेहरा पाहूनही सिस्टरला सांगायला जात नाही. ‘माझंच चुकत असेल’ म्हणून गप्प बसते.

आकडेमोड: आणि खात्री असलेली? शुद्ध हरपलेल्या पेशंटच्या तोंडात नातेवाइकांच्या आग्रहाने चमचाभर गंगाजल घालते. तिचे गुण १००, पाणी श्वासनलिकेत. तुळशीचं पान ओलं करून ओठांना लावावं, तोंड ओल्या बोळ्याने पुसावं, हे ती करते का ते बघा ना! शिवाय प्रशिक्षणानंतर गुण कधीकधी उतरतात, कारण आपल्याला काय येत नव्हतं ते तेव्हाच कळतं. अहवालात ते अपयश दिसतं.

रात्रपाळी: म्हणून प्रशिक्षण संपल्यावर एकाच कागदावर ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन रकाने भरून घेतात. नाव नको, सांकेतिक क्रमांक चालेल. वाचायला अडखळणाऱ्यांना प्रश्न मराठीत वाचून दाखवा, पण वाचणारी त्या वॉर्डाची सिस्टर नको.

उशीपाशी: दोन रकान्यांतही खूश करण्यासाठी ‘तेव्हा’ खाली ओढतातच. मी पलंगाशी जाऊन तपासायच्या बाजूने आहे: पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून पेशंटला ३० अंशांचा तिरका कल, पाठीमागे उशी, टाचा गादीपासून सुटलेल्या. बोलू न शकणाऱ्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटचं दुखणं ‘पेनॅड’ (PAINAD) या निरीक्षणाच्या पट्टीवर मावशी आणि सिस्टर दोघींनी वेगवेगळं मोजावं: श्वास, आवाज, चेहरा, हालचाल, समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. आकडे जुळले तर नजर तयार झाली. तीन महिन्यांनी परत.

रात्रपाळी: टाचा दिसतात. ‘किती दिवस?’ हा प्रश्न रात्री दोनला येतो, तो कुठल्या तपासणी यादीत बसवणार?

उशीपाशी: सिस्टरला नातेवाईक करून बसवा. मावशी खाली बसली का, खोटा धीर देणं टाळलं का, ‘मी सिस्टरांना बोलावते’ म्हणाली का, तीनच खुणा. खऱ्या रात्रीइतकं नाही, मान्य. तेवढ्यापुरती तुमची पट्टी ठेवा. सरासरी मात्र काढू नका, प्रत्येक कामाचा आकडा सुटा लिहा.