अब्राहम पोलोन्स्की: १९४८ नंतर एकवीस वर्षं कुठे होते?

नाशिकची_सिनेवेडी: काल ‘फोर्स ऑफ इव्हिल’ (१९४८) पाहिला. पटकथेत पोलोन्स्कींचा हात, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच सिनेमा. पुढचा थेट १९६९ मध्ये, ‘टेल देम विली बॉय इज हिअर’. मध्ये काय झालं?

लालबागकर: ते लिहीत होते, पण नाव दुसऱ्याचं लागायचं. एप्रिल १९५१ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने त्यांना बोलावलं. कम्युनिस्ट सोबत्यांची नावं सांगा म्हणाले, यांनी एकही सांगितलं नाही. हॉलीवूडची दारं बंद झाली. मग टीव्हीवरच्या ‘यू आर देअर’ मालिकेसाठी परक्या नावाने लिहिलं. स्वतःचं नाव पटकथेवर पुन्हा लागलं ते १९६८ च्या ‘मॅडिगन’ला.

मला मात्र ‘फोर्स ऑफ इव्हिल’मधल्या लिओबद्दल बोलायचंय, आकड्यांच्या जुगाराची छोटी पेढी चालवणाऱ्या. माझे काका गिरणीतून सुटले की आकडा लावायचे. चिठ्ठी घेणारा चाळीतलाच, घराघरातली अडचण जाणणारा. लिओ तसाच आहे. ४ जुलैला लोक १७७६ ची आठवण म्हणून ७७६ वर पैसे लावतात. बडा मालक नेमका तोच आकडा आणवतो, म्हणजे जिंकलेल्यांचे पैसे देता देता सगळ्या छोट्या पेढ्या एका दिवसात बुडाव्यात आणि त्याच्या घशात जाव्यात. हा बेत तडीस नेणारा वकील म्हणजे लिओचाच धाकटा भाऊ. पोलोन्स्की स्वतः वकिली शिकलेले, म्हणून ते कायद्याचं गोड बोलणं इतकं अस्सल उतरलंय.

रिळांचा_डबा: ‘ऑड्स अगेन्स्ट टुमारो’ (१९५९) राहिला. त्यावर नाव जॉन किलेन्स या कादंबरीकारांचं होतं. लेखक संघटनेने १९९६ मध्ये पोलोन्स्कींना श्रेय परत दिलं, तेव्हा ते पंच्याऐंशीचे होते.

नाशिकची_सिनेवेडी: सदतीस वर्षांनी! वाचून गलबलून आलं. लालबागकर, शेवट तुम्हाला कसा वाटला?

लालबागकर: तो मी तीनदा पाहिलाय. पहाटेची वेळ, वकील भाऊ झालेला जॉन गारफिल्ड न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखाली उतरतोय. एक जिना, मग दुसरा, खाली नदीकाठचे खडक. लिओचं प्रेत तिथे टाकलंय हे त्याला ठाऊक आहे. तरी तो पळत नाही. एकेक पायरी उतरत राहतो, आणि वर तो अवाढव्य पूल.