किहीमचा व्हिला आणि आमची विहीर

वाडीतला: परवा इथे एका सभासदाने लिहिलं: "दादर सोडून अलिबागकडे किहीमजवळ गेटेड वसाहतीत व्हिला घेतला. सकाळी पक्षी, संध्याकाळी स्विमिंग पूल, गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने तासाभरात भाऊचा धक्का. आधी इथे काहीच नव्हतं. मुंबईत सडता कशाला?" गप्प बसणार होतो, पण "काहीच नव्हतं" वाचलं आणि डोकं फिरलं.

काहीच नव्हतं? नारळी-सुपारीच्या वाड्या होत्या, भातशेती होती. पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९३० च्या सुमारास सुगरणींची घरटी बघत किहीमला राहिले होते, ते काय तुमच्या क्लबहाउसच्या गच्चीवर बसून?

आणि पाणी होतं. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून असतं. वरून उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं. रहाटाने काढत होतो तोवर निभावलं. आता व्हिला तिथे बोअर, बोअर तिथे लॉन. आमची विहीर मेमध्ये मचूळ होते, चहा नासतो. आई टँकरसाठी कळश्या मांडून बसते आणि कुंपणापलीकडे भर दुपारी स्प्रिंकलर गरागरा फिरत असतात.

व्हिलावाले काका: तो सभासद मीच. जमीन काय मी दरोडा घालून घेतली? सातबारावर नावांची ही रांग, सही करताना प्रत्येकाने वेगळा हिशोब मागितला, बहिणी तर ऐनवेळी रुसल्या. विकणारे तुमच्याच आळीतले. पैसे घेताना निसर्ग आठवला नाही? बरं, ३ जून २०२० ला खरं 'निसर्ग' वादळ आलं, दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा आमच्या जनरेटरवर मोबाइल चार्ज करायला कोण येत होतं?

वाडीतला: वादळात आमची पोफळीची वाडी आडवी झाली, काका. तुमचं मोबाइल चार्जिंग मात्र लक्षात ठेवतो हं. मोठे उपकार.

लाँचवाली: "तासाभरात भाऊचा धक्का" हे ब्रोकरच्या तोंडचं वाक्य झालं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, रो-रोसुद्धा समुद्र खवळला की रद्द. सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं ते रात्री, जुलैमध्ये. वडखळचा रस्ता, त्यावरचे खड्डे, मागच्या सीटवर ते कण्हताहेत. वाचले, नशीब. आम्ही घर विकायला काढलंय. सुरूच्या बनातून वारा छान येतो, पण त्याने ईसीजी निघत नाही.

कार्लेकर: पाण्यावरून आठवलं. वडखळपासून रस्त्याकडेला "अलिबागचा पांढरा कांदा" म्हणून माळा टांगतात ना? त्यातला निम्मा बाहेरचा असतो. जीआय, म्हणजे इथल्याच मालाला हे नाव असं मानांकन मिळालं, उपयोग काय? मुंबईकर गाडीची काच खाली करून घेतात आणि तिखट लागला की आम्हाला शिव्या.

पुणेरी पाहुणा: कांद्याचा इथे काय संबंध?

कार्लेकर: तुम्हाला नाही कळायचा. कार्ले, खंडाळे, नेहुली या पट्ट्यात भात काढल्यावर त्याच जमिनीत कांदा लावतात. ती एनए, म्हणजे बिगरशेती होऊन प्लॉट पडले की कांदा काय तुमच्या टेरेस गार्डनमध्ये लावायचा? खरा कांदा गोडसर असतो, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

पुणेरी पाहुणा: मी आणला होता. धारेधार रडलो.

कार्लेकर: मग बाहेरचाच. माळेची वेणी बघितलीत का? आमच्या बायका कांद्याच्या पातीचीच वेणी घालतात. सुतळीने बांधलेली दिसली की पुढे निघायचं.

लाँचवाली: सुतळीचीसुद्धा चांगली निघते हो, मी घेतलीय.

कार्लेकर: ताई, तुम्ही घर विकताय, कांद्याचं आम्हाला सांगू नका.

वाडीतला: दादा, कांदा नंतर. किनाऱ्यावर जायची आमची जुनी वाट या वसाहतीच्या गेटात अडकलीय. वॉचमन विचारतो, "कोणाकडे जायचंय?" भरतीरेषेखालची वाळू कोणाच्या सातबारावर नाही, समुद्राकडेच जायचंय! १९९१ पासून किनाऱ्यालगतच्या बांधकामाला आवर घालणारा सीआरझेड नियम आहे, तो काय फक्त आमचा गोठा वाढवायला आडवा येतो?

व्हिलावाले काका: वॉचमनला सांगतो. त्याला काय कळतं, तोही बाहेरचा. मेमध्ये लॉनचं पाणी बंद करायचा ठराव सोसायटीत मांडतो. पास होईल अशी आशा नको, निम्मे सभासद फक्त थर्टीफर्स्टला उगवतात. पण "आम्ही आलो म्हणून खारं झालं" हे शंभर टक्के मान्य नाही. गावातही घरोघरी मोटारी आहेत.

वाडीतला: आहेत. पिण्यापुरत्या. पोहायला आम्हाला समुद्र पुरतो.

व्हिलावाले काका: बरं बुवा, जिंकलात. ते कार्लेकर, खरा कांदा मिळतो कुठे?

कार्लेकर: खंडाळ्याला या, आमच्या, लोणावळ्याच्या नव्हे. फेब्रुवारी संपता संपता. अख्खी माळ घ्यावी लागेल. घासाघीस चालणार नाही, प्लॉट घेताना केलीत तेवढी बस.