पंचावन्नाव्या वर्षी व्हीआरएस: रक्कम पुरेल, पण दिवस पुरतील का?

मुलुंडकर (प्रश्न)

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी 29 वर्षे नोकरी करीत आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये मला 55 वर्षे पूर्ण होतील. आमच्याकडे निवृत्तीचे वय 60 आहे. एक उत्पादन दुसऱ्या राज्यातील कारखान्यात हलवण्याचे ठरल्यामुळे प्रयोगशाळेतील निम्म्याहून अधिक पदे रद्द होणार आहेत आणि त्यासाठी कंपनीने स्वेच्छानिवृत्ती योजना (व्हीआरएस) जाहीर केली आहे. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे दोन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, किंवा 60 व्या वर्षापर्यंत उरलेल्या महिन्यांचे वेतन, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळेल. सप्टेंबरअखेर कार्यमुक्त व्हायचे आहे. अर्ज न करणाऱ्यांची तिकडच्या कारखान्यात बदली होऊ शकते, असे तोंडी सांगण्यात आले आहे.

मुलुंड पूर्वेला स्वतःचे दोन खोल्यांचे घर असून कर्ज फिटलेले आहे. मुलगी कमावती आहे, मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पत्नी घरीच दुपारी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि ही रक्कम एकत्र धरली तर काटकसर न करताही भागेल, असा हिशेब मी मांडला आहे. तरीही अर्जावर सही होत नाही. इमारतीतील मंडळी आतापासूनच विचारतात की घरी बसून करणार काय, आणि मला खरोखरच उत्तर सुचत नाही. ज्यांनी नोकरीच्या उत्तरार्धात असा निर्णय घेतला त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात: पैशाच्या बाबतीत काय तपासून घ्यावे, आणि पुढची वर्षे मनाप्रमाणे जातात का?

निवृत्त_बँकर (विलेपार्ले)

सार्वजनिक बँकांमध्ये 2000-01 साली जी मोठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तिच्यात मी सेहेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडले. आज सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाव शतकाच्या अनुभवावरून देऊ शकते: होय, जातात. पण एक फरक आधीच नोंदवते. मला नुकसानभरपाईखेरीज बँकेचे निवृत्तिवेतन मिळत होते, दर महिन्याला खात्यात काहीतरी येत होते. खाजगी कंपनीतून बाहेर पडणाऱ्याला तो आधार नसतो आणि त्याला आपला पगार आपणच निर्माण करावा लागतो. म्हणून माझ्या निश्चिंतपणावरून आपण आपला अंदाज बांधू नये.

आता घराविषयी. आपण दोन खोल्या आणि पत्नीच्या शिकवण्या यांचा उल्लेख ओझरता केला आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. मुंबईतल्या घरात माणूस दिवसभर घरी नाही हे गृहीत धरूनच सगळी व्यवस्था लागलेली असते. दुपारची ती बाहेरची खोली गेली अनेक वर्षे वहिनींच्या कामाची जागा आहे, आणि आपण तिथे वर्तमानपत्र घेऊन बसलात तर मुले संकोचतील, वहिनी बोलणार नाहीत आणि आपल्याला वाटेल की घरात आपली अडचण होते आहे. माझे यजमान माझ्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा हा प्रश्न आमच्याकडेही आला. त्यांनी दुपारी घराबाहेर पडण्याचा नेम केला आणि आम्ही दोघेही सुखी झालो. पैशाचा तक्ता वहिनींना दाखवला असेलच. दुपारी दोन ते सहा आपण कुठे असाल, हेही त्यांच्याशी बसून ठरवा.

मुलुंडला तर जागांची उणीव नाही. महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे, कालिदास नाट्यमंदिर आहे. ज्या शहरात आपण जन्मभर केवळ गर्दीच्या वेळी वावरलो, ते मंगळवारी सकाळी अकरा वाजता कसे दिसते हे नोकरदाराला ठाऊकच नसते. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 पासून उभे आहे. मी ते प्रथम पाहिले ते नोकरी सोडल्यावर. (बुधवारी ते बंद असते.) मी मोडी लिपी शिकले, पुढे एका संस्थेसाठी जुनी कागदपत्रे वाचून देऊ लागले. त्यातून पैसे जवळजवळ मिळाले नाहीत, पण कुणीतरी माझी वाट पाहत असे, आणि इतके मला पुरेसे होते.

आकडेमोड

मी करसल्लागार नाही. अनेक वर्षे लेखा विभागात काढली आणि तिथे अशा दोन योजना राबवताना पाहिल्या. आपल्या बाबतीत रकमेइतक्याच तारखाही महत्त्वाच्या आहेत, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

पोस्टाची व बँकांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची समजली जाते, पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती 55 पासून खुली आहे. अट अशी की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडले पाहिजे आणि खाते उघडण्याच्या दिवशी 55 वर्षे पूर्ण असली पाहिजेत. आपण सप्टेंबरअखेर बाहेर पडाल आणि वाढदिवस नोव्हेंबरमध्ये आहे. पैसे ऑक्टोबरमध्ये आले तर वाढदिवसानंतर खाते उघडायला पुरेसा अवधी उरतो. मात्र जूनमध्येच एखादा मोठा हप्ता देऊन टाकला, तर त्या हप्त्यापुरती ही संधी हातची जाईल. म्हणून रक्कम कोणत्या तारखेला जमा होणार हे लेखी विचारा, आणि सेवाकाळ, निवृत्तीचा प्रकार, रक्कम व ती दिल्याची तारीख नमूद केलेला दाखला कंपनीकडून आठवणीने घ्या. जमा करण्याची कमाल मर्यादा 30 लाख रुपये आहे, पण साठीच्या आत खाते उघडल्यास, मिळालेल्या निवृत्तिलाभांपेक्षा जास्त रक्कम भरता येत नाही. सध्याचा दर 8.2 टक्के असून खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. पूर्ण 30 लाख ठेवले तर दर तिमाहीस 61,500 रुपये व्याज मिळेल. हे व्याज करपात्र असते.

आता कर. उदाहरणादाखल आपले मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना 60,000 रुपये धरू. 29 वर्षांचे 58 महिने होतात आणि साठीपर्यंत सुमारे 62 महिने उरतात, म्हणजे 58 महिन्यांची 34,80,000 रुपये ही कमी रक्कम लागू होईल. त्यातील 5 लाख रुपयेच करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. उरलेले 29,80,000 त्या वर्षीच्या पगारात मिळवले जातात. हा आकडा पुष्कळांनी हिशेबात धरलेलाच नसतो. पाच लाखांच्या सवलतीऐवजी रक्कम एकाच वर्षी आल्याबद्दलचा दिलासा मागता येतो, पण दोन्ही एकत्र मिळत नाहीत. आपल्याला कोणता सोयीचा, हे सनदी लेखापालाकडून काढून घ्यावे. ग्रॅच्युइटी याच पगारावर 60,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 29, म्हणजे साधारण 10 लाख 4 हजार होते आणि ती 20 लाखांच्या मर्यादेत असल्याने करमुक्त आहे. शिल्लक रजेच्या रोखीकरणावर 25 लाखांपर्यंत सूट आहे.

करसवलत मिळण्यासाठी योजनेनेही काही अटी पाळाव्या लागतात. रिकामी झालेली जागा पुन्हा भरता येत नाही आणि कर्मचाऱ्याने त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरायची नसते. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला भगिनी कंपनीतून ‘सहा महिने येऊन बसा’ असे आमंत्रण हमखास येते. ते स्वीकारण्यापूर्वी लेखापालाला विचारा.

आरोग्य विमा मात्र आजच हाती घ्या. कंपनीचे सामूहिक संरक्षण नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि तसे केल्यास आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळात जुनी वर्षे मोजली जातात. त्यासाठीचा अर्ज कार्यमुक्त होण्यापूर्वीच द्यावा. एकदा खंड पडला की मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी रद्द झाल्यामुळे हप्ता थोडा हलका झाला आहे, एवढा दिलासा आहे.

लँडलाइन

मी टेलिफोन खात्यातला. 31 जानेवारी 2020 रोजी बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून नव्वद हजारांहून अधिक लोक एकाच दिवशी स्वेच्छेने निवृत्त झाले, त्यांपैकी मी एक. आमच्या सूत्रात झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला 35 दिवसांचा आणि उरलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला 25 दिवसांचा पगार होता. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, त्यामुळे निवृत्ती म्हणजे काय हे कळायला मला बराच काळ लागला.

वरील प्रतिसादांना जोडून एक वेगळी बाजू मांडतो. ‘स्वेच्छा’ या शब्दाने दबून जाऊ नका. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपात करायला सरकारची परवानगी लागे, म्हणून मुंबईच्या कारखानदारीत हा मार्ग रूढ झाला. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी आज जे मनोरे दिसतात, त्यांच्या पायात अशा कितीतरी सह्या आहेत. कंपनीला आपली सही हवी आहे, म्हणजे आपण काही मागू शकता. रक्कम बहुधा वाढणार नाही, पण विम्याचे एक वर्ष जादा, मुलाच्या शिक्षणासाठी एखादी तरतूद, रक्कम देण्याची तारीख, अशा गोष्टी चारपाच जणांनी मिळून मागितल्या तर मिळतात. बदलीचे म्हणाल, तर नियुक्तिपत्रातले बदलीचे कलम काढून वाचा. तोंडी सांगितलेल्या गोष्टीच्या भीतीने सही करू नये, आणि ती गोष्ट हसण्यावारीही नेऊ नये.

मनाच्या बाबतीत माझे मत थोडे कडू आहे. पहिले सहा महिने सुट्टीसारखे जातात, नंतर फोन यायचे थांबतात. ज्यांच्याबरोबर तीस वर्षे डबा खाल्ला ते आपल्याला विसरत नाहीत, पण त्यांच्या बोलण्यात ज्या साहेबांची आणि ज्या भानगडींची नावे येतात ती आपल्याला अनोळखी होत जातात. मला त्याचा त्रास झाला. मग मी परिसरातल्या गृहनिर्माण संस्थांची इंटरकॉम आणि तारांची कामे पाहू लागलो, आधी फुकट, नंतर माफक मोबदला घेऊन. तुमच्या हातात प्रयोगशाळेचे कसब आहे. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना उद्योगातला माणूस व्याख्यानाला, प्रात्यक्षिकाला हवा असतो. चौकशी आत्तापासून करा, कारण ‘सध्या अमुक कंपनीत आहे’ असे सांगणाऱ्याला दार लवकर उघडते.

आनंदाची गोष्टही सांगतो. पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी आम्ही दोघे एसटीने निघतो. माळशेजला रविवारची झुंबड नसते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आहे, त्यामुळे सौभाग्यवती अर्ध्या तिकिटात आणि मी पूर्ण, हा आमच्या घरातला कायमचा विनोद आहे.

मुलुंडकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काकूंचा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला. पत्नी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की हे तिला कधीपासून बोलायचे होते. दुपारचे ठरले आहे: सोमवार ते शुक्रवार मी घरी नसेन. जवळच्या एका महाविद्यालयातील विभागप्रमुखांना मी पत्र लिहिले आहे. नियुक्तिपत्रात बदलीचे कलम आहे, पण ते कंपनीच्या महाराष्ट्रातील आस्थापनांपुरते दिसते. ते एका वकिलांना दाखवत आहे. रक्कम देण्याच्या तारखेविषयी आम्ही सहा जणांनी मिळून लेखी विचारणा केली आहे.

एक शंका उरली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे म्हणजे ईपीएसचे पैसे पंचावन्नाव्या वर्षीच सुरू करावेत की थांबावे?

आकडेमोड

पन्नाशीनंतर ते सुरू करता येते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कपात होते आणि ही कपात पुढे भरून निघत नाही, आयुष्यभर राहते. प्रत्यक्ष पगारावर आधारलेल्या वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय घेतला नसेल तर हिशेब 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर होतो आणि ती मर्यादा पूर्वी 6,500 व त्याआधी 5,000 होती, त्यामुळे मूळ रक्कमच लहान असते. आपल्याकडे मधल्या तीन वर्षांसाठी व्याजाची सोय होत असेल, तर ते न उचलता 58 पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतनाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 10डी, भरावा. फक्त कंपनी सोडण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधीच्या आपल्या यूएएन (सार्वत्रिक खाते क्रमांक) खात्यात नोकरीच्या सुरुवातीची व शेवटची तारीख, जन्मतारीख आणि वारसाचे नाव बरोबर आहे ना ते पाहून घ्या. कंपनीचा मनुष्यबळ विभाग जाग्यावर असतानाच या दुरुस्त्या सोप्या जातात, आणि तुमचा विभागच हलणार असल्याने हे काम सप्टेंबरपर्यंत लांबवू नका.