कुटुंबासाठी टू बीएचके भाड्याने घेताना : तुमचे अनुभव लिहा

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत कोथरूड-कर्वेनगर भागात घर बघतेय. आम्ही दोघं, सहावीतला मुलगा आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. भाडं-डिपॉझिट एजंट सांगतोच. राहून आलेल्यांनी सांगावं : काय तपासलंत, काय लिहून घेतलंत, सोडताना कशावरून वाजलं?

अनुभव १, कोथरूड
रविवारी दुपारी कुठलंही घर छानच दिसतं. आम्ही एक घर पसंत करून पुन्हा सकाळी साडेसातला गेलो. स्वयंपाकघरातला नळ सुरू ठेवून बाथरूमचा सोडला, तर जेमतेम करंगळीएवढी धार. वॉचमन म्हणाला, "मार्चपासून टँकरवरच असतंय, साहेब." ते घर सोडलं. तुमच्या सासूबाई दिवसभर घरात असणार, तर लिफ्टला जनरेटर आहे का हेही वॉचमनलाच विचारा. एजंट सगळ्याला हो म्हणतो.

अनुभव २, ठाणे
मालक म्हणाले, "नोटरी करू, कशाला खर्च?" आम्ही ऐकलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाडेकरार, लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. ३०,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने धरले तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचा माणूस मशीन घेऊन घरी येतो, आधार आणि अंगठा, झालं काम. त्याची फी मात्र आधी ठरवा.
आणि मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो मालकाने भरायचा असतो. तो भाड्यातच धरलाय, असं करारात लिहून घ्या.

अनुभव ३, डोंबिवली
घर सोडताना मालक रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून पूर्ण महिन्याचं भाडं कापायला निघाले होते. सामान लावण्याआधी मिस्टरांनी व्हिडिओ काढून मालकांना पाठवला होता. सिंकखालची ओल, बाथरूमच्या दाराची फुगलेली कड, हॉलमधला पोपडा, सगळं त्यात होतं. डिपॉझिट पूर्ण मिळालं. आता पंखे, गीझर, ट्रॉल्या, पडद्यांचे रॉड यांची यादी आम्ही कराराला जोडूनच घेतो.

अनुभव ४, पुणे
आम्ही मुसलमान, मूळचे कोल्हापूरचे, घरात मराठीच. फोनवर सगळं जुळतं, आडनाव सांगितलं की "घर कालच गेलं." मुलीला सोबत नेलं होतं तेव्हा दारातूनच परत पाठवलं. त्या रात्री ती जेवली नाही. तेव्हापासून मी पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगते, मगच घर बघायला जाते. आताचं घर मुलीच्या वर्गातल्या एका आईमुळे मिळालं. मालक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : भाडं कोणत्या तारखेला देणार, आणि मुलांना गच्चीत एकटं सोडणार नाही ना? ताई, मुलाच्या नव्या शाळेतल्या पालकांना आत्ताच विचारून ठेवा. अशी घरं एजंटकडे पोचतच नाहीत.