इंदूर: वयाच्या चाळिशीकडे येशूकडे वळायचं, तर सुरुवात नेमकी कुठून?

सुदामानगर३८

नमस्कार मंडळी. मराठी घर आहे, देवघर आहे, आई-वडील सोबत राहतात. मत्तयाचं शुभवर्तमान थोडं वाचलं आहे, तेही तुकड्या-तुकड्यांत. येशूवर विश्वास ठेवून जगायचा विचार आता पक्का होतोय, पण चर्चची पायरी अजून चढलेलो नाही. वाचन कुठून सुरू करावं? प्रार्थना कशी करतात? इथली चर्चं हिंदीतली, तिथं नवख्यानं कसं वागायचं? आणि बाप्तिस्मा कधी घ्यायचा, त्यासाठी कलेक्टर कचेरीत काही द्यावं लागतं म्हणतात ते खरं का? "मनापासून करा, सगळं होईल" असलं उत्तर नको. क्रमानं काय करायचं तेवढं सांगा.

कान्हकाठ

आधी वाचनाचं सांगतो. मत्तय सोडा, मार्क घ्या. मत्तयाची सुरुवात वंशावळीनं होते, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. ज्याला जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) ठाऊक नाही तो तिथंच कंटाळतो. चार शुभवर्तमानांत मार्क सगळ्यांत लहान, अध्याय फक्त १६. एकदा दोन तासांच्या एका बैठकीत सलग वाचा, कुठंही थांबून अर्थ लावत बसू नका. मग दुसऱ्यांदा रोज एक अध्याय. शेवटच्या अध्यायात आठव्या वचनानंतर कंस किंवा तळटीप दिसली तर गोंधळू नका, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पुढचा भाग नाही म्हणून ती खूण असते.

त्यानंतर लूक (२४ अध्याय) आणि त्याला लागून प्रेषितांची कृत्ये (२८). दोन्ही एकाच लेखकाची, एकाच गोष्टीचे दोन भाग, म्हणून मध्ये दुसरं काही घुसवू नका. मग योहान. पत्रांपैकी पहिलं फिलिप्पैकरांस, चारच अध्याय आहेत. रोमकरांस नंतर. प्रकटीकरणाला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, पहिल्या वर्षात हात लावू नका. ते सुरुवातीला उघडणारा माणूस महिन्याभरात श्वापदांचे आकडे मोजत बसतो आणि येशू बाजूला राहतो.

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत" हा बेत बहुतेकांचा फसतो. उत्पत्ती गोष्टीसारखं वाचून होतं, निर्गमचा पहिला अर्धा भागही. मग निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं येतात, पाठोपाठ लेवीय, आणि तिथं गाडी रुतते. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीनाहून जास्त. नवख्यानं या हिशेबाच्या नादी लागू नये. कॅथलिक प्रतीत ७३ पुस्तकं असतात. दुकानात दोन जाडीच्या प्रती दिसल्या तर फरक हा आहे, एक खरी नि एक खोटी असं नाही.

जुन्या करारातून पहिलं वर्षभर फक्त स्तोत्रसंहिता. रोज एक म्हटलं तर १५० स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. तीच प्रार्थनेची भाषाही शिकवतात. १३ वं तक्रारीचं, ५१ वं पश्चात्तापाचं, २३ वं सगळ्यांना ठाऊक असलेलं. तुकोबांची भांडणं ज्यानं ऐकली आहेत त्याला १३ वं परकं वाटणार नाही.

जुनीइंदूर_वाचक

वरच्या उत्तरात एक भर. इंदूरमध्ये मराठी माणसाची खरी अडचण शब्दांची होते. घरी वाचायचं मराठीत आणि रविवारी ऐकायचं हिंदीत. पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात "यूहन्ना तीन सोलह", आणि तुम्ही योहान शोधायच्या आत ते पुढच्या वचनावर गेलेले असतात. म्हणून बायबलाच्या मागच्या कोऱ्या पानावर हे लिहून ठेवा: मत्तय म्हणजे मत्ती, मार्क म्हणजे मरकुस, लूक म्हणजे लूका, योहान म्हणजे यूहन्ना, प्रेषितांची कृत्ये म्हणजे प्रेरितों के काम, स्तोत्रसंहिता म्हणजे भजन संहिता. मराठीतला ख्रिस्त हिंदीत मसीह होतो, तारण उद्धार होतं, कृपा अनुग्रह होते, पश्चात्तापाला मन फिराव म्हणतात. मंडळीला कलीसिया. (तुम्ही सहज "नमस्कार मंडळी" लिहिलंत, मराठी ख्रिस्ती माणूस चर्चच्या समुदायाला हाच शब्द वापरतो.) कॅथलिक हिंदी आणखी वेगळी: तिथं मारकुस, सन्त योहन, आणि येशूला कधी ईसा तर कधी येसु.

प्रार्थना मात्र मराठीतच करा. ज्या भाषेत माणूस आईशी बोलतो तिच्यात खोटं बोलणं अवघड जातं. सकाळी दहा मिनिटं पुरतात: एक स्तोत्र मोठ्यानं, दोन मिनिटं गप्प, मग "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रभूची प्रार्थना सावकाश, शेवटी ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं. नावं वहीत लिहा, नाहीतर रोज तीच तीन येतात. रात्री पाच मिनिटं दिवस मागून पुढं तपासायचा: कुठं आभार मानायचे, कुठं चुकलं, उद्या काय. ही दिवसाच्या झाडाझडतीची रीत इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतली, पण कुणालाही चालते.

प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, ९ ते १३ वचनं. ती पाठ करताना एक लक्षात ठेवा. प्रॉटेस्टंट मंडळीत शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांची ओळ लगेच जोडून म्हणतात. कॅथलिक मिस्सेत (त्यांच्या मुख्य उपासनेत) "वाइटापासून सोडव" नंतर लोक थांबतात, धर्मगुरू मध्ये एक प्रार्थना म्हणतात आणि मग ती ओळ येते. नवखा माणूस हमखास तिथं एकटाच पुढं बोलत राहतो. कुणी काही म्हणत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी सगळं कोरडं वाटायला लागेल. ते ठरलेलं आहे, विश्वास गेला असा त्याचा अर्थ नाही. तेव्हा प्रार्थना वाढवू नका, आहे तेवढीच ठेवा, वेळ आणि जागा बदलू नका. खुणा मागणं टाळा. "आज फोन आला तर देवाची इच्छा" या वाटेनं गेलेला माणूस फोनकडे बघत बसतो.

आणि भजनं! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ओवी-अभंगाच्या चालीत ख्रिस्तभक्ती आणली. इथं हिंदी गीतं गायली जातील, ती शिकालच, पण घरी अभंगाची चाल सोडायचं काही कारण नाही.

पलासिया_प्रश्नोत्तर

आता चर्चमध्ये जाण्याचं. इंदूरमध्ये लोक ज्याला व्हाइट चर्च म्हणतात ते सेंट अ‍ॅन्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. लाल चर्च म्हणतात ते कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस कॅथीड्रल. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं, म्हणून त्यात अँग्लिकन वळणही सापडेल आणि प्रेस्बिटेरियनही. इंदूरकडचा जुना धागा कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचा आहे, १८८७ चं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. याशिवाय घरांत, हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेत.

महिनाभर दोन-तीन ठिकाणी फिरा, मग एक धरा. दर रविवारी नवं ठिकाण म्हणजे सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, प्रत्येक गाडीवर एकेक घास खाण्यासारखं आहे, जेवण होत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जा, मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा. अगदी मागं नको, पुढचे कधी उठतात-बसतात ते दिसायला हवं. दारात चपला दिसल्या तर काढा, नसतील तर नको. वर्गणीची थैली फिरते, काही टाकलं नाही तरी चालतं.

सगळ्यांत जास्त चूक होते ती प्रसादाची. उपासनेत येशूच्या आठवणीत भाकर वाटतात, कॅथलिक हिंदीत तिला "परम प्रसाद" म्हणतात, आणि प्रसाद म्हटला की आपला हात आपोआप पुढं जातो, कारण आपल्याकडे प्रसाद नाकारणं वाईट आणि मागणं चांगलं. इथं उलट आहे. तो बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या माणसासाठी आहे. रांग लागली की बाकावर बसून राहा. काही ठिकाणी छातीवर हात जोडून पुढं गेल्यास आशीर्वाद देतात, तशी पद्धत आहे का ते आधी विचारा. चुकून घेतला गेलाच तर घाबरू नका, नंतर धर्मगुरूंना सांगा.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांना किंवा फादरना भेटा आणि एवढंच म्हणा: "मला शिकायचं आहे, घाई नाही." जो लगेच पुढच्या रविवारची तारीख देतो, आजार जाईल किंवा नोकरी लागेल असं सांगतो, किंवा आई-वडिलांशी संबंध तोडायला सांगतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. चांगला पाळक तुम्हालाच थांबवतो.

कॅथलिकांत प्रौढांसाठी टप्पे ठरलेले आहेत: आधी चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून शिक्षण, मग उपवासकाळात शेवटची तयारी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्याला बळकटी देणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद तिन्ही एकत्र. ही रीत रोमहून १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभर लागणं सहज शक्य आहे. उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून, रविवार वगळून ४० दिवस. तुम्हाला एक धर्मपिता किंवा धर्ममाता लागेल. वय किमान १६, स्वतः दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती. दोन महिने आधी धावाधाव करण्यापेक्षा शिक्षणाच्या काळातच ओळख करून घ्या.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीचा काळ पाळकांवर अवलंबून असतो. तिथं लहानपणीचा आणि प्रौढपणीचा दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळ्या पूर्ण पाण्यात बुडवतात, इतरत्र डोक्यावर पाणी ओततात. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नसतो. म्हणून "आधीचा खरा नव्हता" म्हणणाऱ्याला आधी कारण विचारा. दाखला जपून ठेवा, पुढं लग्नाच्या वेळी लागतो. नाव बदलणं सक्तीचं नाही.

एमजीरोड_कायदा

वाचायला, प्रार्थनेला, रविवारी जाऊन बसायला कुणाचीही परवानगी लागत नाही. प्रश्न धर्मांतराच्या विधीचा आहे. मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम आहे, १९६८ चा जुना कायदा त्यानं रद्द केला. त्याच्या कलम १० प्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे, स्वेच्छेचं घोषणापत्र द्यायचं आणि विधी करणाऱ्यानंही ६० दिवस आधी वेगळी सूचना द्यायची. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं कलम १० मोडल्याबद्दल सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, मग राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. अंतरिम आदेशाच्या भरवशावर कागद टाळू नका. त्या दिवशीची स्थिती वकिलाला विचारा, आणि घोषणापत्र दिलंच तर आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

तारखेचा हिशेब उलटा करा. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा असेल तर ६० दिवस मागं गेलं की राखेच्या बुधवारच्याही आधीची तारीख येते. लोक उपवासकाळ सुरू झाल्यावर जागे होतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरं, या कायद्याखाली तक्रार कुणीही करू शकत नाही. धर्मांतरित व्यक्ती स्वतः, तिचे आई-वडील किंवा भावंडं करू शकतात, इतर नातेवाइकांना न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे घरच्यांना अंधारात ठेवणं कायद्याच्या दृष्टीनंही शहाणपणाचं नाही.

लग्न झालेलं असेल तर हेही वाचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे एका जोडीदारानं धर्म बदलणं हे दुसऱ्याला घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, लग्न आपोआप मोडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशातून वगळतं. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख, बौद्धांपुरता आहे, अनुसूचित जमातीचा धर्मावर अवलंबून नाही. यातलं काय तुम्हाला लागू आहे ते घोषणापत्राच्या आधी तपासा, नंतर नव्हे.

सुदामानगर३८

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. घरी महालक्ष्म्या बसतात, आरती, नैवेद्य, सोळा भाज्यांचं जेवण. त्या दिवशी काय करायचं?

जुनीइंदूर_वाचक

१ करिंथकरांस, अध्याय ८ आणि १०, दोन्ही सलग वाचा. अगदी हाच प्रश्न तिथं आहे, मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल एकीकडे म्हणतो मूर्तीत काही नाही, दुसरीकडे म्हणतो दुसऱ्याचं मन अडखळणार असेल तर खाऊ नका. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये सरळ वर्ज्य करा असं आहे. म्हणून मंडळ्यांचंही एकमत नाही, तुम्ही जी धराल तिच्या पाळकांना विचारा.

व्यवहारात तीन कामं वेगळी काढा. भाज्या चिरणं, पाहुण्यांना वाढणं, आईचे पाय चेपणं हे पूजा नव्हे, ते दरवर्षीपेक्षा जास्त करा. आरतीला उभं राहायचं की नाही हे आधी ठरवा आणि आईला आठ दिवस आधी, एकटीला, स्वयंपाकघरात सांगा. आरती चालू असताना उठून जाऊ नका. देवघर हलवणं, तसबिरी काढणं तुमच्या हातात नाही, घर त्यांचंही आहे. नैवेद्याच्या ताटाचा निर्णय झाला नसेल तर या वर्षी वाढपी व्हा. पंगतीत वाढणाऱ्याला "तू काय खाल्लंस" असं कुणी विचारत नाही.